मिचिओ इतोंच्या नाचाचं रीळ हाती आलं तर

जुन्या नाचाच्या फिल्मवर तीन गोष्टी हमखास दगा देतात: वेग, डावं-उजवं आणि डब्यावरची चिठ्ठी. सहलीच्या किंवा लग्नाच्या फिल्मला थोडं इकडचं तिकडे खपून जातं, नाचाला खपत नाही. दीडपट वेगाने फिरणारा हात म्हणजे वेगळाच नाच. आणि आरशातल्यासारखी उलटलेली हालचाल एकदा कुणाच्या अंगात बसली की पुढे तीच खरी म्हणून शिकवली जाते. म्हणून मिचिओ इतोंसारख्या जपानी नर्तकाचं रीळ समोर आलं तर नाच बघायचा मोह थोडा आवरायचा आणि आधी फीत वाचायची.

त्यासाठी इतोंच्या आयुष्यातल्या काही तारखा कागदावर लिहून टेबलावर ठेवा, पुढे सतत लागतात. टोक्योहून युरोपात, जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ इथे, शरीराच्या हालचालीतून ताल शिकवणाऱ्या डॅलक्रोझ यांच्या संस्थेत शिक्षण, १९१४मध्ये लंडन. एप्रिल १९१६मध्ये कवी यीट्सच्या 'ॲट द हॉक्स वेल' या नाटकात ससाण्याचा नाच आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क. १९२९पासून लॉस एंजेलिस: त्याच वर्षी पॅसाडीनाच्या रोझ बोल स्टेडियमवरचा मोठा प्रयोग, १९३०मध्ये हॉलीवूड बोल या खुल्या रंगमंचावर 'प्रिन्स इगोर', १९३७मध्ये तिथेच 'एतेनराकु' आणि 'ब्लू डॅन्यूब'. डिसेंबर १९४१मध्ये, पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर लगेच, अटक आणि स्थानबद्धता. १९४३मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीच्या जहाजाने जपान. युद्धानंतर टोक्योत अमेरिकी फौजांनी ताब्यात घेतलेल्या अर्नी पाइल थिएटरात नृत्यदिग्दर्शन. १९६१मध्ये निधन. डब्यावर 'हॉलीवूड, १९४२' लिहिलेलं असेल तर एकतर साल चुकलंय किंवा नर्तक दुसरा आहे, हे या यादीवरून फीत न उलगडताच कळतं.

शोध कुठे आणि कोणत्या नावाने

लंडन आणि न्यूयॉर्कच्या सुरुवातीच्या कार्यक्रमपत्रिकांत इतोंचं आडनाव रोमन लिपीत शेवटी डब्ल्यू लावून छापलेलं दिसतं. शेवटी एच लावलेलं रूप, नुसतं ओ असलेलं रूप आणि ओवर आडवी रेघ असलेलं ग्रंथालयी रूप, अशी चारही रूपं शोधा. जपानी सूचींमध्ये आडनाव आधी येतं. शिवाय 'इतो' हे आडनाव एकापेक्षा जास्त चित्रलिपी अक्षरांनी लिहितात, त्यामुळे इतोंची नेमकी अक्षरं एखाद्या खात्रीच्या ग्रंथालय नोंदीतून उचलून घ्या, कानाने अंदाज करू नका.

नावाने काही हाती लागलं नाही तर नाव सोडून द्या. वृत्तपटांच्या जुन्या नोंदींत नर्तकाचं नाव बहुधा नसतंच. तिथे ठिकाण, प्रसंग आणि वाद्यवृंदाच्या संचालकाचं नाव असतं. १९३७च्या 'एतेनराकु'साठी हिदेमारो कोनोये या संचालकाच्या नावाने शोधणं जास्त फळतं. 'ओरिएंटल डान्स' किंवा जपान्यांसाठीचा तेव्हाचा अपमानास्पद छोटा शब्द यांनीही शोधावं लागतं. वाचायला बरं वाटत नाही, पण नोंद करणाऱ्याने तेच लिहून ठेवलंय.

दारं ठोठवायची ती अशी: न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा लिंकन सेंटरमधला जेरोम रॉबिन्स नृत्य विभाग, हर्स्ट वृत्तपटांसाठी यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचं चित्रपट संग्रहालय, फॉक्स मूव्हीटोनच्या न वापरलेल्या तुकड्यांसाठी साउथ कॅरोलायना विद्यापीठ आणि घरगुती फिल्मसाठी लॉस एंजेलिसचं जपानी अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालय. शेवटचं नाव यादीत मागे ठेवू नका. स्थलांतरित कुटुंबांनी सहली आणि वाढदिवसांच्या मध्ये एखादा जलसा टिपलेला असतो, आणि त्या रिळावर फक्त कुटुंबाचं नाव असतं.

१९३८च्या 'बूलू' या पॅरामाउंटच्या चित्रपटात इतो पडद्यावर दिसतात. ते नृत्याचा पुरावा म्हणून धरू नका, ती नटाची भूमिका आहे. चेहरा आणि बांधा ताडून पाहायला मात्र उपयोगी, कारण त्याचं साल पक्कं आहे.

डबा उघडताना

पहिली गोष्ट, प्रोजेक्टरवर लावू नका. "फक्त एकदा बघू" म्हणून लावलेल्या आकसलेल्या फितीची भोकं एका मिनिटात फाटतात.

फितीची रुंदी मोजा. ३५ मिलिमीटर असेल आणि १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर ती नायट्रेट असू शकते. काठावर तसा शब्द छापलेला असतो, पण तो नसला म्हणून निर्धास्त होऊ नका. नायट्रेट पेटलं की विझत नाही, स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवतं. अशी फीत साध्या टपालाने पाठवू नये, घरात ठेवू नये, थेट संग्रहालयाला कळवावं. १६ आणि ८ मिलिमीटरच्या फिती मात्र सुरुवातीपासून 'सेफ्टी' म्हणजे ॲसिटेटच्या निघाल्या (१६ मिलिमीटर १९२३पासून, ८ मिलिमीटर १९३२पासून), त्यामुळे आगीची ती भीती नाही. त्यांना धोका आंबण्याचा.

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट मोडायला लागलंय. नाकावर विसंबू नका, कारण काही वेळाने नाक सरावतं. आम्ल मोजणाऱ्या ए-डी पट्ट्या मिळतात. बंद डब्यात, खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवा. निळी राहिली तर ठीक. हिरवटकडे झुकून १.५च्या खुणेला आली तर तिथून पुढे नासाडी आपोआप वेग घेते, स्कॅनिंग पुढे ढकलू नका. पिवळी झाली तर ते रीळ रांगेत सगळ्यात आधी, आणि तोवर बाकीच्या रिळांपासून दूर.

मग आकसणं मोजा. १६ मिलिमीटरच्या धड फितीत सलग १०० फ्रेमची लांबी ७६२ मिलिमीटर भरते. स्टीलच्या पट्टीशेजारी फीत सपाट ठेवा आणि भोकाच्या एकाच काठापासून काठापर्यंत मोजा. ७५४ भरली तर एक टक्का आकसली आहे. दात नसलेल्या, रबरी रुळांवर चालणाऱ्या स्कॅनरवरच ती द्यायची. ७४७ म्हणजे दोन टक्के. तिथे स्कॅन करणाऱ्याशी आधी बोलून घ्या आणि आकडा लिहून द्या. रिळाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन जागी मोजा, कारण बाहेरचे वेढे आतल्यांपेक्षा वेगळे आकसतात.

हाताळताना हातमोजे, फीत फक्त काठाने धरायची, फीत एका रिळावरून दुसऱ्यावर घ्यायला दोन हातफिरक्या, मध्ये उजेडाची पेटी आणि १० पट भिंग. फिरकी सावकाश. प्रत्येक जोड तपासा: सिमेंटचे जुने जोड सुकून सुटतात, चिकटपट्टीचे जोड सरकतात आणि डिंक पुढच्या वेढ्याला लागतो. सुटलेला जोड पुन्हा जोडण्याआधी दोन्ही टोकांचे फोटो काढा. कारण जोड हा नाचाच्या दृष्टीने पुरावा आहे: तिथे कुणीतरी काहीतरी कापलंय किंवा दोन वेगळे प्रयोग एकत्र केलेत.

काठ काय सांगतो

कोडॅकच्या फितीच्या काठावर छोट्या आकृत्या असतात. त्या फीत कारखान्यात बनल्याचं साल सांगतात आणि दर २० वर्षांनी त्याच पुन्हा येतात. एक वर्तुळ म्हणजे १९१६, १९३६ किंवा १९५६. एक चौकोन म्हणजे १९१७, १९३७ किंवा १९५७. एक त्रिकोण म्हणजे १९१८, १९३८ किंवा १९५८. दोन वर्तुळं १९३९ची, दोन चौकोन १९४०चे, दोन त्रिकोण १९४१चे, पुन्हा २० वर्षांच्या हिशेबाने. १६ मिलिमीटर १९२३आधी नव्हतीच, म्हणून चौकोन दिसला की १९१७ आपोआप बाद, आणि इतोंच्या चरित्राशी ताडलं की १९३७ उरतं, जर नाच अमेरिकेतला असेल तर.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली: हे चित्रणाचं साल नव्हे. फीत दुकानात आणि कपाटात वर्ष-दोन वर्षं सहज पडून राहते. काठ फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच ठामपणे सांगतो. दुसरी: प्रत काढताना मूळ फितीच्या काठावरची खूणही प्रतीवर छापून येते. मग काठावर दोन खुणा दिसतात, एक गडद, एक पारदर्शक. दोन्ही टिपून ठेवा, एक मूळ फितीची आणि एक प्रतीच्या फितीची.

रंगीत असेल तर आणखी एक कुंपण मिळतं: कोडॅकची कोडाक्रोम ही रंगीत फीत १६ मिलिमीटरमध्ये १९३५पासून आणि ८ मिलिमीटरमध्ये १९३६पासून. १९३०च्या 'प्रिन्स इगोर'ची म्हणून दाखवलेली फिल्म कोडाक्रोम असेल तर विषय तिथेच मिटला. हॉलीवूड बोलच्या रंगमंचावरची कमानही बोलते. १९२७ची पिरॅमिडसारखी होती, १९२८ची वेगळी, आणि १९२९मध्ये उभारलेली एकात एक अर्धवर्तुळांची कमान २००३पर्यंत टिकली. इतोंच्या दोन्ही प्रयोगांमागे हीच असायला हवी.

वेग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

मुक्या घरगुती फिल्मचा नेहमीचा वेग सेकंदाला १६ फ्रेम, बोलपटाचा २४. १६ने टिपलेली फिल्म २४ने चालवली की दीडपट पळते. जुन्या टीव्ही कार्यक्रमांतून आलेल्या तुकड्यांत हे सर्रास आढळतं, आणि त्यावरून "किती चपळ" असे शेरे मारले जातात.

हिशेब सोपा आहे. १६ मिलिमीटरच्या एका फुटात ४० फ्रेम, म्हणून १०० फुटी रिळात ४,०००. १६च्या वेगाने ४ मिनिटं १० सेकंद, २४च्या वेगाने २ मिनिटं ४७ सेकंद. दोन मिनिटांच्या नाचाला १६ने ४८ फूट लागतात, २४ने ७२. नाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग टिपलेला असेल तर नुसती फूट मोजूनही बरंच कळतं.

खरी परीक्षा गुरुत्वाकर्षणाची, कारण ते कुणाच्या तालात चालत नाही. ३० सेंटिमीटर उंच उडी मारलेलं शरीर साधारण अर्धा सेकंद हवेत असतं: १६च्या वेगाने टिपलं असेल तर ८ फ्रेम, २४ने १२. उंची पावलांवरून मोजू नका, पाय पोटाशी घेतले तर फसगत होते. कंबर किती वर गेली ते नर्तकाच्या उंचीच्या प्रमाणात मोजा. इतोंच्या एकल रचनांत उड्या कमी. तेव्हा त्याच रिळावर, त्याच कॅमेऱ्याने टिपलेलं दुसरं काही शोधा: समूहातल्या कुणाची उडी, जिन्यावरून उतरणारी माणसं, खाली पडलेली वस्तू.

मग संगीताकडे या. इतोंची 'पिझिकाटी' ही रचना डेलीबच्या 'सिल्व्हिया' बॅलेतल्या तुकड्यावर आहे आणि स्वरलिपी सहज मिळते. आठ मात्रांना किती फ्रेम लागतात ते चार-पाच ठिकाणी मोजा. मात्र प्रत्येक हेलकावा मात्रेवरच पडणार असं धरून चालू नका. डॅलक्रोझच्या तालमीत हात एका तालात आणि पाय दुसऱ्या तालात चालवायचा सराव असे, आणि इतो तिथेच घडले. टप्पा संपण्याच्या जागा जुळवा, मधले ठोके जुळवायचा आटापिटा नको.

चावीच्या कॅमेऱ्याचा एक स्वभाव लक्षात ठेवा. चावी साधारण अर्ध्या मिनिटात उतरते. उतरता उतरता मोटर मंदावते, फ्रेम कमी टिपल्या जातात आणि पडद्यावर नर्तक अचानक घाई करतो. पुरावा त्याच फ्रेममध्ये असतो: शटर हळू फिरल्यामुळे त्या जास्त उजळ येतात. म्हणजे प्रकाश वाढत गेला आणि नाच वेगावला, दोन्ही एकदम झालं तर तो नर्तकाचा वेग नाही. कॅमेरा सुरू-बंद होतानाही एखादी पांढुरकी फ्रेम येते. ती दिसली की तिथे चित्रण थांबलं होतं आणि चावी देईपर्यंतचा नाच फितीवर नाही. अशी प्रत्येक जागा 'खंड' म्हणून लिहा. दोन तुकडे एकमेकांना चिकटवून सलग नाच असल्यासारखं वाचलं तर मधल्या बारा-सोळा मात्रा गायब होतात आणि पत्ता लागत नाही.

डावं की उजवं

फितीची एक बाजू चकचकीत, एक मंद. मंद ती इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराची. फ्रेममधली अक्षरं चकचकीत बाजूकडून पाहताना सरळ वाचता आली तर ती बहुधा कॅमेऱ्यातली मूळ फीत. मंद बाजूकडून सरळ दिसली तर तिच्यावरून, फितीला फीत चिकटवून काढलेली कॉन्टॅक्ट प्रत. स्कॅन करणाऱ्याला हे आधी कळवा, नाहीतर तो सवयीने एकच बाजू धरतो.

अक्षरं नसली तर कपडे बघा. किमोनोचा डावा पदर उजव्याच्या वर येतो. उलटा फक्त मृताला नेसवतात. समोरून पाहताना गळ्याची वरची रेघ चित्राच्या उजव्या वरच्या बाजूकडून डाव्या खालच्या बाजूकडे उतरली पाहिजे. पुरुषाच्या पाश्चात्त्य कोटाचंही तेच, डावं वर. मागे वादक दिसत असतील तर व्हायोलिनचा गज उजव्या हातात. यातल्या किमान दोन खुणा जुळल्याशिवाय 'बाजू पक्की' असं लिहू नका.

स्कॅन मागताना काय लिहून द्यायचं

एका फ्रेमला एक प्रतिमा, अधलीमधली भर नको. भोकं आणि काठ दिसतील इतकी रुंद चौकट. १६ मिलिमीटरला २०४८ बाय १५५६ पुरे. १० बिटच्या डीपीएक्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल) घेतल्या तर फ्रेमला साधारण १३ एमबी, म्हणजे १०० फुटी रिळाला ५१ जीबीच्या आसपास. डिस्क तेवढी तयार ठेवा, आणि दोन प्रती दोन वेगळ्या जागी. जतनाची प्रत एफएफव्ही१ या व्हिडिओ प्रकारात ठेवली तर जागा कमी लागते आणि चित्रातलं काही हरवत नाही.

थरथर घालवणारं सॉफ्टवेअर जतनाच्या प्रतीवर चालवू नका. ते नर्तकाचं शरीर धरून चित्र स्थिर करतं, आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना होणारं हलकं सरकणं पुसून टाकतं. मधल्या फ्रेम कृत्रिमरीत्या 'बनवून' हालचाल गुळगुळीत करणारी साधनं त्याहून वाईट. बोटांच्या जागी ती अंदाजाने काहीतरी रंगवतात. १६चं २४ करायचं असेल तर एक आड एक फ्रेम दोनदा दाखवा: दोनच्या तीन होतात. १८साठी तिनाच्या चार. थोडं अडखळतं, पण खरं असतं.

मूळ फीत मिळतच नसेल आणि हातात जुनी व्हिडिओ प्रत असेल तर फ्रेम एकेक पुढे सरकवून कोणत्या दोनदा येतात ते बघा. त्या आवर्तनावरून रूपांतर कोणत्या वेगाने केलं ते निघतं. दुबार फ्रेम काढून टाका, मग मोजणी.

नाच उतरवताना

इतोंची पद्धत हातांच्या दहा मुद्रांवर उभी आहे, आणि प्रत्येकीचं 'ए' आणि 'बी' असं रूप, एक पुरुषी धाटणीचं, एक स्त्री धाटणीचं. म्हणून तक्ता हातांपासून सुरू करा: फ्रेम क्रमांक, मात्रा, उजवा हात, डावा हात, छाती-डोकं, पाय, नजर, प्रकाश. हात कुठून कुठे गेला हे लिहिताना मधला मार्गही लिहा. नुसत्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागा लिहिल्या की पुनर्रचना करणारा सरळ रेषेने जातो, आणि तिथेच रचना मरते.

'पिझिकाटी'मध्ये पाय जागचे हलत नाहीत. खालून टाकलेल्या प्रकाशाने मागच्या पडद्यावर मोठी सावली पडते आणि ती नाचाचाच भाग आहे. काळ्या-पांढऱ्या धूसर फितीत हात आणि सावली एकमेकांत मिसळतात आणि चार हात असल्याचा भास होतो. अशा जागी फ्रेम मागे-पुढे करा. हात दिव्याकडे गेला की सावली मोठी आणि मऊ कडेची होते, पडद्याकडे गेला की लहान आणि रेखीव. म्हणजे सावली हा फुकटात मिळालेला दुसरा कॅमेरा आहे: हात पुढे आला की मागे गेला, जे समोरून टिपलेल्या चित्रात एरवी कळत नाही, ते ती सांगते. चौकटीत सावली कापली गेली असेल तर तक्त्यात तसं लिहा, प्रकाशाचा स्तंभ रिकामा सोडू नका.

स्थिरचित्रांशी ताडणं शेवटी. लॉस एंजेलिसमध्ये तोयो मियाताके यांनी इतोंची छायाचित्रं काढली, ती पोशाख आणि मुद्रेसाठी उत्तम. पण छायाचित्रातली पोझ स्टुडिओत थांबून घेतलेली असू शकते. फितीत ती सापडली नाही तर फीत चूक ठरत नाही.

ओळख पटवताना हात आखडता ठेवा. इतोंच्या रचना शिष्यांनीही केल्या, लेस्टर हॉर्टन आणि पॉलीन कोनर यांच्यासारखे नर्तक त्यांच्याबरोबर नाचले, आणि त्या काळात जपानी वेषात गोरे नर्तकही सर्रास दिसत. पोशाख जुळला म्हणजे माणूस जुळला असं नाही. नोंदीत 'निश्चित', 'बहुधा' आणि 'परंपरेने मानलेलं' असे तीनच दर्जे वापरा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा. कानाची ठेवण पक्क्या तारखेच्या चित्राशी जुळते, हे कारण. 'इतोंसारखं वाटतं', हे नाही.

हक्क आणि नोंद

हक्क तीन वेगळे: चित्रणाचा, नृत्यरचनेचा, संगीताचा. अमेरिकेत त्या काळात रीतसर प्रकाशित झालेल्या चित्रपटाची मुदत जास्तीत जास्त प्रकाशनापासून ९५ वर्षं. अप्रकाशित घरगुती फिल्मची, ती टिपणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, आणि टिपणारा अज्ञात असेल तर निर्मितीपासून १२० वर्षं. इथे नर्तकाचा नाही, कॅमेरा धरणाऱ्याचा मृत्यू मोजायचा. रचनेचं बघायचं तर इतोंचं निधन १९६१चं: जपानमध्ये ती मुदत २०११च्या अखेरीस संपली, अमेरिकेत अप्रकाशित राहिलेल्या रचनेसाठी २०३१च्या अखेरीपर्यंत चालते. डेलीबचं संगीत मुक्त आहे, पण त्यावर लावलेलं आजचं ध्वनिमुद्रण मुक्त असेलच असं नाही.

नोंद करताना जुनं शीर्षक, त्यातला अपमानकारक शब्द असला तरी, अवतरणात जसंच्या तसं ठेवा आणि शेजारी नवं लिहा. पुढचा माणूस त्याच जुन्या शब्दाने शोधत येणार आहे. वेग लिहिताना 'सेकंदाला १६ फ्रेम' एवढं पुरत नाही, 'उडीवरून काढलेला' की 'गृहीत' तेही लिहा. संगीत नंतर जोडलं असेल तर पहिल्याच फ्रेमवर तसं दाखवा, कारण प्रत फिरत गेली की मजकूर गळतो आणि आवाज मूळचाच समजला जातो. मूळ रीळ हवा खेळती राहील अशा प्लॅस्टिकच्या डब्यात, ३ इंची गाभ्यावर, सैल नाही आणि घट्टही नाही असं गुंडाळून, थंड आणि ३० ते ५० टक्के आर्द्रतेच्या जागी. जुना डबा गंजलेला असला तरी त्यावरची चिठ्ठी टाकू नका. तिचा फोटो काढून ती वेगळ्या पाकिटात, रिळाच्याच क्रमांकाने ठेवा.